अल्हाम्ब्राची जुनी चित्रं, ठाण्यात छापलेली: वीस चित्रांचा संच घ्यावा का?

नौपाड्यातल्या एका डिजिटल प्रिंटच्या दुकानात सध्या एक संच विकायला आहे. स्पेनमध्ये मूर, म्हणजे मुस्लिम, राजवटीत उभ्या राहिलेल्या इमारतींची, मुख्यतः ग्रानादा शहरातल्या अल्हाम्ब्रा या राजवाड्याची, जुन्या प्रवासी चित्रकारांनी केलेली वीस चित्रं. आकार ए-३, कागद ३०० जीएसएमचा मॅट, कापसाचा. छपाई पिगमेंट शाईची. सगळी सुटी पानं एका काळ्या पुठ्ठ्याच्या पेटीत येतात. किंमत ९,५०० रुपये. सुटं चित्र ६०० रुपयांना, तेच ए-२ मध्ये १,४०० रुपयांना. फ्रेमचे पैसे वेगळे.

निवड उत्तम आहे, कागद आणि शाई खात्रीची आहे, तरीही पूर्ण पेटी आहे तशी घेऊ नका. दुकानानं प्रत्येक चित्राच्या चारही कडा कापल्या आहेत आणि त्यासोबत चित्राखालची छापील पट्टी गेली आहे. त्या पट्टीशिवाय ही चित्रं नुसती शोभेची उरतात. सात-आठ सुटी चित्रं निवडा आणि ती कडांसकट नव्यानं छापून मागा. दुकान तसं करून देतं, त्याचे जास्तीचे पैसेही घेत नाही. फक्त नेमकं काय मागायचं ते आपल्याला ठाऊक हवं.

पेटीतली सर्वांत जुनी पानं अलेक्झांद्र द लाबोर्द आणि जेम्स कॅव्हाना मर्फी यांची. लाबोर्दची दोन आहेत, १८०६ ते १८२० या काळात निघालेल्या त्याच्या चार खंडांतली. नीटनेटकी, पण संचात ती नसती तरी फार बिघडलं नसतं. मर्फीची चार आहेत. हा आयर्लंडमधल्या कॉर्कचा, मूळचा गवंडी, पुढे वास्तुविशारद झालेला. १८०२ पासून सात वर्षं तो स्पेनमध्ये होता. १८१४ मध्ये तो वारला आणि त्याचा मोठा चित्रग्रंथ १८१६ पर्यंत पूर्ण झाला तो इतरांच्या हातून. मग १८३०च्या दशकातली मंडळी येतात: जॉन फ्रेडरिक लुईसची चार, डेव्हिड रॉबर्ट्सची तीन, जिरो द प्रांजेची तीन. शेवटी ओवेन जोन्स आणि ज्यूल गूरी यांच्या ग्रंथातली चार रंगीत पानं. पेटी घ्यावीशी वाटते ती या चारांसाठीच.

एक मोठी उणीव इथेच नोंदवायला हवी. या सगळ्यांच्या आधी, १७६६-६७ मध्ये, माद्रिदच्या सान फेर्नांदो अकादमीनं होसे दे एर्मोसिया या वास्तुविशारदाला दोन तरुण सहकाऱ्यांसह ग्रानादा आणि कोर्दोवा या शहरांत मोजमापं घ्यायला धाडलं होतं. त्यांची रेखाटनं १७८७ आणि १८०४ मध्ये छापून निघाली. अल्हाम्ब्राची पद्धतशीर, मोजून केलेली पहिली छापील नोंद तीच. पेटीत त्यातलं एकही पान नाही. ही पानं कोरडी दिसतात, विकायला अवघड जातात हे मान्य, पण लाबोर्दच्या दोन पानांच्या जागी ती हवी होती.

आता ती खालची पट्टी. तांब्यावर किंवा पोलादावर कोरलेल्या जुन्या चित्राखाली बारीक अक्षरांत दोन नावं असतात. डावीकडचं नाव मूळ चित्र काढणाऱ्याचं, त्यापुढे ‘डेल.’, उजवीकडचं कोरणाऱ्याचं, त्यापुढे ‘स्कल्प.’ असतं. ही लॅटिन शब्दांची आखूड रूपं आहेत: अमुक यानं रेखाटलं, अमुक यानं कोरलं. मधे जागेचं नाव, आणि त्याखाली बहुतेकदा प्रकाशक आणि साल. शिळाछापावर, म्हणजे दगडावर काढून छापलेल्या चित्रावर, ते दगडावर उतरवणाऱ्याचं नाव असतं. ही पट्टी म्हणजे चित्राचा सातबारा. चित्र कुणाचं, कुणाच्या हातून आलं, कधीचं, सगळं तिथे.

लुईसचंच पाहा. तो १८३३-३४ मध्ये ग्रानादात राहिला आणि १८३५ मध्ये अल्हाम्ब्राची शिळाछाप चित्रं निघाली. पण सगळे दगड त्यानं स्वतः केलेले नाहीत. जे. डी. हार्डिंग, आर. जे. लेन आणि डब्ल्यू. गॉची यांनीही त्याच्या रेखाटनांवरून दगडावर काम केलं. म्हणजे एखाद्या कमानीतली नक्षी मोघम झाली असेल, तर ती लुईसला तशी दिसली होती, की लंडनमध्ये बसून दगडावर उतरवणाऱ्यानं ती मोघम केली? पट्टी असेल तर निदान प्रश्न विचारता येतो. कापली की तोही गेला. दुकानानं त्याऐवजी प्रत्येक पानामागे ‘मूरिश महाल, १९वं शतक’ असा एकच शिक्का मारला आहे.

या शिक्क्यानं एक सरळ चूकही केली आहे. मर्फीच्या चार पानांपैकी एक कोर्दोव्याच्या मशिदीचं आहे आणि ते पेटीच्या यादीत अल्हाम्ब्रा म्हणून लागलं आहे. ओळखणं सोपं आहे. कोर्दोव्यात एकावर एक अशा दुहेरी कमानी आहेत, त्यांत वीट आणि दगड आळीपाळीनं लावल्यामुळे लाल-पांढरे पट्टे दिसतात, आणि कमानीचा घेर घोड्याच्या नालासारखा खाली आत वळतो. अल्हाम्ब्रात खांब बारीक, कमानी हलक्या आणि वरचं सगळं काम चुन्या-जिप्समच्या लेपातलं. कोर्दोव्याची मशीद ७८० च्या दशकात सुरू झाली. अल्हाम्ब्राचा सिंहांचा चौक ग्रानादाचा राजा पाचवा मुहम्मद याच्या काळातला, १३६२ नंतरचा. मधे जवळजवळ सहाशे वर्षं गेली. वेरूळचं कैलास लेणं आणि विजापूरचा गोल घुमट एकाच नावाखाली लावले तर जशी गल्लत होईल, तशीच ही.

साल का हवं, हे सिंहांच्या चौकाच्या चित्रांवरून सर्वांत चांगलं कळतं. पेटीत या चौकाची तीन चित्रं आहेत. १८५९ मध्ये अल्हाम्ब्राच्या डागडुजीचं काम पाहणाऱ्या राफाएल कोंत्रेरासनं पूर्वेकडच्या मंडपावर रंगीत कौलांचा घुमट चढवला. तो मुळात तिथे कधीच नव्हता. पौर्वात्य इमारत अशीच दिसायला हवी या कल्पनेतून तो आला. १९३४ मध्ये वास्तुविशारद लिओपोल्दो तोरेस बाल्बासनं तो उतरवला आणि साधं उतरतं छप्पर पुन्हा बसवलं. १८५९ पूर्वीच्या चित्रांत घुमट नाही, आजच्या फोटोंत नाही, मधल्या काळातल्या फोटोंत मात्र आहे. कारंज्याचंही तसंच. या प्रवासी चित्रकारांच्या चित्रांत सिंहांच्या पाठीवरच्या मोठ्या कुंडावर आणखी एक छोटं कुंड दिसतं. ते नंतरच्या काळात बसवलेलं होतं आणि विसाव्या शतकात काढलं गेलं. ज्याला साल माहीत नाही तो म्हणेल की चित्रकारानं मनचं काढलं. त्यानं मनचं काढलेलं नाही. त्याच्यासमोर होतं तेच काढलं. अल्हाम्ब्रातल्याच कोमारेस महालातल्या साला दे ला बार्का या दालनाचं लाकडी छत १८९० च्या आगीत जळालं. आज तिथे दिसतं ते नंतर घडवलेलं. त्याआधीच्या प्रत्येक रेखाटनाला म्हणूनच किंमत आहे.

उलट, चित्रकार खरोखर मनचं कुठे घालतो हेही पाहायला शिकलं पाहिजे. मर्फी खांब ताणतो, उंची वाढवतो. त्याच्या नजरेला युरोपातल्या गॉथिक इमारतींची सवय होती आणि ती त्याच्या हातात उतरली. रॉबर्ट्स मूळचा नाटकाचे पडदे रंगवणारा. तो टेकडी उभी करतो, दरी खोल करतो, बुरूज आभाळाला टेकवतो. एक सोपी चाचणी देतो. कोमारेस बुरुजातलं राजदूतांचं दालन सुमारे ११ मीटर चौरस आणि सुमारे १८ मीटर उंच आहे, म्हणजे उंची रुंदीच्या दीडपटीहून थोडी जास्त. ज्या चित्रात ते तिप्पट उंच वाटतं, तिथे चित्रकारानं हात सैल सोडला आहे. रॉबर्ट्सची तीनही चित्रं सुंदर आहेत, भिंतीवर लावायला पेटीतली तीच पहिली निवडावीत, पण इमारत समजून घ्यायला त्यांचा आधार घेऊ नये. जिरो द प्रांजे या दोघांहून विश्वासाचा. त्याचं १८३७ चं शिळाछाप काम शांत, दृक्कोन (जवळचं मोठं, लांबचं लहान दिसण्याचं प्रमाण) सांभाळलेलं आहे. पुढे १८४२ ते १८४५ मध्ये तो पूर्व भूमध्य समुद्राच्या देशांत गेला तो थेट दाग्युरोटाइपचा, म्हणजे अगदी सुरुवातीच्या छायाचित्रणाचा, कॅमेरा घेऊन. नजरेनं जे पकडायला तो झटत होता, ते काम त्यानं यंत्राकडे दिलं.

जिरोच्याच एका पानात दुकानाची दुसरी चूक सापडते: चित्र डावं-उजवं उलटं छापलं गेलं आहे. इतका सममित चौक असेल तर ते लक्षातही येत नाही. भिंतीवरच्या अरबी पट्टीकडे पाहा. ‘वला गालिब इल्ला अल्लाह’ (अल्लाहशिवाय विजयी कुणी नाही) हे ग्रानादाच्या नस्री राजांचं ब्रीद अल्हाम्ब्रात जागोजागी आहे. त्यातला शेवटचा ‘अल्लाह’ शब्द शोधायचा: उजवीकडे एक सुटी उभी रेघ, मग दोन उभ्या रेघा जोडलेल्या, आणि डावीकडच्या टोकाला एक छोटं वेटोळं. वेटोळं उजवीकडे असेल तर पान उलटं आहे. अरबी येत नसलेल्यालाही हे अर्ध्या मिनिटात जमतं. मूळ शिळाछापच तसा असेल, हे उत्तर काउंटरवर मिळालं तर मान्य करू नका. दगडावर उलटं काढलं की कागदावर सुलटं येतं, हे त्या चित्रकारांना पक्कं ठाऊक होतं. ही उलटापालट संगणकावर झालेली आहे.

आता जोन्स आणि गूरी. ओवेन जोन्स लंडनचा, ज्यूल गूरी फ्रेंच. दोघंही पंचविशी-तिशीतले वास्तुविशारद. १८३४ मध्ये ते ग्रानादाला पोहोचले आणि अल्हाम्ब्राचा इंच न् इंच मोजायला बसले. नक्षीचे ठसे त्यांनी प्लास्टरमध्ये आणि ओल्या कागदावर दाबून घेतले, म्हणजे नक्षी नजरेच्या अंदाजानं नाही, तिच्या मूळ मापात हाती आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गूरी ग्रानादातच पटकीनं गेला. जोन्स १८३७ मध्ये पुन्हा गेला आणि राहिलेलं काम पुरं केलं. ग्रंथ १८३६ पासून भागाभागानं निघत १८४५ मध्ये दोन खंडांत पूर्ण झाला. भिंतींवरच्या अरबी लेखांचं भाषांतर पास्कुआल दे गायांगोस या स्पॅनिश अरबीतज्ज्ञानं करून दिलं.

ठाण्याच्या वाचकाला इथे जेम्स वेल्स आठवावा. सवाई माधवराव आणि नाना फडणविसांना समोर बसवून १७९२ मध्ये चित्र रंगवणारा हा स्कॉटिश चित्रकार लेण्यांची रेखाटनं करत हिंडत होता आणि १७९५ मध्ये वारला; ठाण्यातच, असं मानलं जातं. त्याच्या वेरूळच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलनं १८०३ मध्ये २४ दृश्यांचा ग्रंथ काढला. मागे राहिलेल्या जोडीदारानं काम तडीस न्यायचं, हे ग्रानादात घडलं तसं आपल्याकडेही घडलं होतं. आणखी एक धागा आहे. जोन्सनं १८५४ मध्ये लंडनजवळ सिडनहॅमच्या काचमहालात, म्हणजे क्रिस्टल पॅलेसमध्ये, अल्हाम्ब्राचा एक चौक उभा केला. त्याच काचमहालात रॉबर्ट गिलनं कित्येक वर्षं खपून केलेल्या अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती ठेवल्या होत्या. १८६६ च्या आगीत त्या जळाल्या. छापून अनेक प्रती न निघालेल्या नोंदीचं असं होतं, आणि जोन्सचा ग्रंथ आज ठाण्याच्या दुकानात छापता येतो तो त्याच्या प्रती निघाल्या म्हणूनच.

या ग्रंथाची छपाई म्हणजे रंगीत शिळाछाप. मळवलीच्या छापखान्यातून निघालेली राजा रविवर्म्याची लक्ष्मी-सरस्वती ज्या पद्धतीनं छापली गेली तीच ही: प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि सगळे दगड एकमेकांवर तंतोतंत बसायला हवेत. जोन्सनं हे केलं तेव्हा इंग्लंडात अशा कामाचा अनुभव फारसा कुणालाच नव्हता. त्यामागे त्याचा एक ठाम दावा होता. अल्हाम्ब्राच्या लेपकामावर मुळात निळा, लाल आणि सोनेरी एवढेच रंग होते. हिरवा, जांभळा, नारिंगी हे मिश्र रंग फक्त भिंतींच्या खालच्या भागातल्या मोझेकमध्ये. आज काही ठिकाणी जो हिरवा दिसतो तो मुळात निळा होता, काळानं बदलला, असं त्याचं म्हणणं.

आणि नेमकं इथेच दुकानाची छपाई घसरते. मूळ पानावर सोनेरी शाई आहे. स्कॅनरच्या उजेडात सोनं कधी तपकिरी येतं, कधी पांढुरकं. इंकजेटमध्ये सोनं नसतंच, त्यामुळे त्याचा पिवळा-तपकिरी होतो. ते मान्य करायला हवं. पण ते सोनं जरा उजळ दिसावं म्हणून दुकानानं पूर्ण पानाचा पिवळा वाढवला आहे. पिवळा वाढला की निळ्यावर हिरवी झाक चढते. चारपैकी दोन पानांत सिंहांच्या चौकातल्या स्तंभशीर्षाची निळी पार्श्वभूमी चक्क समुद्री हिरवी झाली आहे. जोन्सनं सगळा खटाटोप केला तो हिरवा नव्हता हे सांगायला, आणि प्रिंट सांगतं की हिरवाच होता. तिसऱ्या पानात उलट झालं आहे: जुन्या कागदाचा पिवळेपणा घालवायला ऑटो करेक्शन दिलं, त्यामुळे निळा जांभळट झाला. चौथं पान बरोबर आहे, म्हणजे दुकानाला हे जमतं.

ऑर्डर देताना म्हणून एवढं सांगा: पिवळा पूर्ण पानाचा वाढवू नका, कागदाचा जुना रंग तसाच ठेवा, आणि त्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग बरोबर उतरवणारी संगणकीय फाइल) लावून आधी १० × १० सेंटिमीटरचा एक तुकडा छापून दाखवा. तो तुकडा दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पाहू नका. बाहेर, दिवसाच्या उजेडात, ऊन थेट पडणार नाही असा धरा. निळ्यात हिरवा दिसला तर तिथेच थांबवा. सोन्यासाठी वरून सोनेरी फॉइल मारून देण्याची सूचना दुकानाकडून येते, ती नको. फॉइलची कड कधीच मूळ रेषेवर बसत नाही आणि बारीक नक्षी बुजते.

पेटीतल्या जोन्सच्या चार पानांपैकी एक तलविन्यासाचं, म्हणजे इमारतीच्या नकाशाचं, आहे आणि तिथे कापलेली कड सर्वांत जास्त नडते. मोजमापाच्या पानाखाली फुटांची आखलेली पट्टी असते. पान लहान-मोठं केलं तरी ती पट्टी त्याच प्रमाणात लहान-मोठी होते, म्हणून ए-३ वर आलेल्या नकाशातूनही भिंतीची जाडी काढता येते. आकड्यांत लिहिलेलं प्रमाण मात्र पान आक्रसलं की खोटं पडतं. आखलेली पट्टी कापली म्हणजे मोजपट्टीचं टोक तोडून शिंप्याला दिल्यासारखं झालं.

ए-२ मागणाऱ्यांनी एक हिशेब करून जावं. ए-३ ला ३०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, छापायचं तर फाइल निदान ३५०८ × ४९६१ पिक्सेलची हवी, ए-२ ला ४९६१ × ७०१६. दुकान ए-२ साठीही ए-३ चीच फाइल ताणून वापरतं. शिळाछापाला ते थोडं चालून जातं, कारण त्याचा पोत खडूसारखा मऊ असतो. कोरीव चित्राला ते चालत नाही. त्यातली सावली म्हणजे जवळजवळ ओढलेल्या बारीक रेषा. एक रेष आणि तिच्या शेजारची मोकळी जागा, दोन्ही दिसायला निदान दोन पिक्सेल लागतात. ३०० डीपीआयला एका सेंटिमीटरात ११८ पिक्सेल, म्हणजे जास्तीत जास्त ५९ रेषा. फाइल ताणल्यावर खरी नोंद २१० डीपीआयच्या आसपास उरते, म्हणजे ४१ रेषा. मर्फीच्या आणि रॉबर्ट्सच्या आकाशात रेषा त्याहून दाट आल्या की त्या एकमेकींत मिसळतात आणि आकाशात पाण्यासारख्या लाटा उमटतात. मर्फीच्या एका ए-२ प्रतीत त्या हातभर अंतरावरूनही दिसतात. कोरीव पानं ए-३ च्या वर नेऊच नयेत. रॉबर्ट्सची तर त्याहून लहान करावीत: ती १८३५ च्या एका वार्षिकासाठी केलेली, मुळात पंजाएवढी पोलादी कोरीव चित्रं आहेत. ए-५ ला छापली की ती दागिन्यासारखी दिसतात. ए-३ ला रेषा जाड होतात आणि पोलादाचा सगळा नाजूकपणा जातो.

सध्या घोडबंदर रोडवरच्या नव्या घरांत ताऱ्यांच्या नक्षीची जाळी, पार्टिशन, देवघराची पाठ असं बरंच काही अल्हाम्ब्राच्या धर्तीवर मागितलं जातं. त्यासाठी ही चित्रं घेणाऱ्यांनी फक्त जोन्सची समोरून काढलेली पानं घ्यावीत. लुईस, रॉबर्ट्स, जिरो यांच्या चित्रांत दृक्कोन आहे. त्यावरून ट्रेस केलेली नक्षी एका बाजूला आक्रसते आणि पुढचा ठोकळा जुळत नाही. नक्षीतला एकच पुन्हा पुन्हा येणारा घटक ट्रेस करा, तो चौकोनाचा आहे की षट्कोनाचा हे आधी ठरवा, मग जोडत जा. १२ मिलिमीटरच्या एमडीएफवर ३ मिलिमीटरच्या बिटनं कापलं तर आतला प्रत्येक कोपरा दीड मिलिमीटरच्या गोलाईनं येणार, म्हणून ताऱ्याची टोकं मूळ चित्राइतकी धारदार होणार नाहीत. त्यासाठी घटक मोठा घ्या. जाळीचा सर्वांत अरुंद भाग ६ मिलिमीटरच्या खाली नेऊ नका. पावसाळ्यात एमडीएफ फुगतं आणि तिथूनच तुटतं. आणि अरबी अक्षरांची पट्टी नक्षी समजून मिरर करू नका. तो मजकूर आहे, त्याला अर्थ आहे, आणि ज्याला वाचता येतो त्याला उलटं लिहिलेलं लगेच दिसतं.

फ्रेमिंगसाठी दुकानाची नेहमीची पद्धत इथल्या हवेला योग्य नाही. ते प्रिंट थेट काचेला टेकवून मागून हार्डबोर्डचा पत्रा ठोकतात. जून ते सप्टेंबर ठाण्याच्या हवेत इतका ओलावा असतो की काचेच्या आत दमटपणा धरतो, मॅट कागदाची शाई काचेला चिकटते आणि पुढे सोडवताना कागदाचा थर उपटून निघतो. काच आणि कागद यांच्यामध्ये ॲसिड-फ्री माउंटबोर्डची खिडकी घालायला सांगा, दीड मिलिमीटर जाडीची, खालची बाजू वरच्यापेक्षा सेंटिमीटरभर रुंद. खिडकी इतकी मोठी हवी की चित्राखालची पट्टी आत दिसेल. नाहीतर छापून घेतलेली कड माउंटखाली झाकली जाईल. प्रिंट माउंटला पूर्ण चिकटवू नये. वरच्या कडेला जपानी टिश्यूच्या दोन बिजागऱ्या पुरतात. कागद ओलाव्यानं फुगला-आकसला तरी सुरकुत्या पडत नाहीत. दुतर्फी चिकटपट्टी दोन पावसाळ्यांत तपकिरी डाग देते. मागे कच्च्या हार्डबोर्डऐवजी ॲसिड-फ्री बोर्ड, त्यामागे पॉलिएस्टर फिल्म. फ्रेमच्या चारही कोपऱ्यांना मागून ५ मिलिमीटरचे रबरी किंवा बुचाचे ठोकळे लावले की भिंत आणि फ्रेम यांत हवा खेळते. पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर आणि न्हाणीघराच्या सामायिक भिंतीवर टांगू नका. एवढं करून फ्रेमचा खर्च एका ए-३ मागे ७०० ते ९०० रुपयांनी वाढतो, आणि तो केलाच पाहिजे.

पेटीबद्दल थोडंसं. ती दिसायला छान आहे, पण काळा पुठ्ठा रंग सोडतो. वरच्या पानाच्या पाठीवर दोन आठवड्यांत काळसर झाक आली. पानांमध्ये बटरपेपर आहे तो काढून टाका आणि ग्लासीन हा गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागद घाला. सिलिका जेलच्या पुड्या घातल्या तर महिन्यातून एकदा वाळवा. ओल्या पुड्या नुसत्या ठेवल्यानं काही होत नाही. पेटी कपाटात उभी नको, आडवी ठेवा.

घेताना हा क्रम ठेवावा: जोन्सची चारही, त्यातलं तलविन्यासाचं पान पट्टीसकट. मग जिरोचं एक, सुलटं करून. लुईसचं सिंहांच्या चौकाचं एक, ज्यात कारंज्यावर दुसरं कुंड दिसतं आणि मंडपावर घुमट नाही. मर्फीचं कोर्दोव्याचं, ए-३ मध्येच, मागचा शिक्का बदलून. रॉबर्ट्सचं हवंच असेल तर ए-५ मध्ये. ही आठ चित्रं साडेचार हजारांच्या आसपास पडतात. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलनं, शाईच्या पेननं नव्हे, चित्रकाराचं नाव, छापल्याचं साल, छपाईची पद्धत आणि इमारतीचं नाव लिहून घ्या. लुईसचं पान घेतलंत तर दगडावर कुणी काढलं तेही. खालच्या पट्टीत ते नाव वाचायला चांगल्या उजेडात बहिर्गोल भिंग लागेल.